ज्याचा फोटो, त्याच्या हातात

धुंडिराज गोविंद फाळके हे नाव चित्रपटाशी कायमचं जोडलं गेलं आहे. पण चित्रपट काढण्याच्या बऱ्याच आधी या माणसाने गुजरातेत फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला होता, आणि तो चालला नव्हता. मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर फाळके बडोद्याला आले आणि कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या या संस्थेचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे मुळात रसायनशास्त्रज्ञ. या धडपड्या विद्यार्थ्याला त्यांनी संस्थेतला फोटो-स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली, ब्लॉक बनवण्याची आणि छपाईची तंत्रं शिकायला रतलामला धाडलं. पुढे गोध्र्यात स्टुडिओ थाटून फाळके पोटापाण्याला लागले, तोच प्लेगने पत्नी आणि मूल नेलं. ते बडोद्याला परतले, पुन्हा कॅमेरा मांडला. पण गिऱ्हाईक फिरकेना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं, असं लोकांच्या मनात पक्कं बसलेलं होतं.

ही गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. मला मात्र त्या न फिरकलेल्या गिऱ्हाइकाबद्दल थोडा आदरच वाटत आला आहे. समजूत खुळी होती, हे खरं. पण तिवईवरचा तो अवजड कॅमेरा, काळ्या कापडाखाली वाकलेला फोटोग्राफर, काचेची प्लेट, ‘हलू नका’ची ताकीद, हा सगळा थाटच असा होता की कोणाचा फोटो त्याच्या नकळत निघणं जवळजवळ अशक्य. समोरच्याला विचार करायला वेळ मिळे, आणि नको वाटलं तर तो उठून जाऊ शके. खिशातल्या फोनने तो वेळच काढून घेतला. डुलकी लागलेला रखवालदार, भाजीच्या गाडीमागची बाई, रडणारं पोर, नवरात्रात घामाघूम झालेली मुलगी, कोणाचाही फोटो कोणीही काढतो आणि तो पुढे कुठे गेला ते त्या माणसाला कधी कळत नाही. मुलांना फोटोग्राफी शिकवायची तर या हरवलेल्या नकारापासून सुरुवात करावी, या मतावर हे पुस्तक उभं आहे. ज्यांना हे मत पटणार नाही त्यांनाही मधली प्रयोगांची प्रकरणं उपयोगी पडतील.

पुस्तक कोणासाठी, तेही सांगून टाकते. सोसायटीचा हॉल, सार्वजनिक वाचनालय, शाळेची सुटीतली रिकामी खोली, मंडळाची जागा, अशा ठिकाणी दहा ते अठरा वयाच्या मुलामुलींना एकत्र करून कॅमेरा शिकवू पाहणाऱ्या ताई-दादांसाठी ते आहे. व्यावसायिक फोटोग्राफर घडवणं हा त्याचा हेतू नाही. त्यासाठी संस्था आहेत, फिया आहेत, प्रमाणपत्रं आहेत. इथे शेजारपाजारची मुलं येतात, काही टिकतात, काही क्रिकेटकडे वळतात, आणि दोन्ही ठीक आहे.

हे सगळं अलकापुरीत बसून लिहिते आहे, त्यामुळे जागेचा थोडा रंग पानांना लागणारच. अलकापुरी म्हणजे बडोद्याच्या स्टेशनच्या पश्चिमेची वस्ती. संपतराव कॉलनीतले जुने बंगले, त्यांच्या जागी उठलेले फ्लॅट, रमेशचंद्र दत्तांच्या नावाचा रस्ता, बँका, शोरूम, दवाखाने. रुळांच्या पलीकडे सयाजीगंज, आणि त्याच्याही पुढे रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी, म्हणजे जुन्या मराठी घरांचं बडोदं. दोन्ही भागांना जोडणारं रुळांखालचं गरनाळं दर पावसाळ्यात तुंबतं आणि शहराचे दोन तुकडे पडतात. आमच्या अलकापुरीतल्या वर्गात फ्लॅटमधली मुलं येतात, तशी त्याच फ्लॅटमध्ये कामाला येणाऱ्या बायकांची, इस्त्रीवाल्यांची, रखवालदारांचीही येतात. एकाच्या हातात आईच्या फोनपेक्षा भारी फोन, दुसऱ्याच्या घरात मिळून एकच फोन आणि तोही संध्याकाळी बाबा परतल्यावर दिसणारा. वर्ग चालवायचा तर पहिला प्रश्न लेन्सचा नसतो, हा असतो.

त्यावरचा आमचा तोडगा साधा आहे, आणि पुस्तकातल्या बहुतेक पाठांची मांडणी त्यावरच बेतलेली आहे. मुलं जोडीने काम करतात. दोघांत एक कॅमेरा. एकजण फोटो काढतो, दुसरा समोरच्याशी बोलतो: आपण कोण, कशासाठी आलो, फोटो काढला तर चालेल का, नाव सांगाल का. मग अदलाबदल. दर फेरीला बारा फोटो, पुसून टाकायची सोय नाही. बारा हा आकडा हवेतून आणलेला नाही. रोलिफ्लेक्ससारख्या जुन्या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल घातला की चौरस आकाराचे बाराच फोटो येत. बारा संपले की संपले. भारी फोनवाल्या मुलाला हा नियम जाचतो, पण तोच फोन जोडीदाराच्या हातात अर्धा वेळ असल्याने तो भारी असण्याचा तोरा पहिल्या दोन आठवड्यांत उतरतो.

रोलिफ्लेक्सचं नाव निघालं की बडोद्यात होमाई व्यारावाला आठवणं अपरिहार्य आहे. देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती. जे. जे. मध्ये शिक्षण, कॅमेरा शिकवला तो पुढे पती झालेल्या माणेकशांनी, आणि सुरुवातीचे बरेच फोटो छापून आले तेही त्यांच्याच नावाने. मग दिल्ली, स्वातंत्र्याची पहाट, माउंटबॅटन यांचा निरोप, गांधीजींची अंत्ययात्रा. १९७० च्या सुमारास, पती गेल्यानंतर, त्यांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला. नव्या फोटोग्राफरांची धक्काबुक्की आणि बेशिस्त पाहून मन उडालं, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. आयुष्याची अखेरची दशकं त्या बडोद्यात राहिल्या, मुलगा गेल्यावर एकट्याच. २०११ साली पद्मविभूषण मिळालं, पुढच्या जानेवारीत त्या गेल्या. शहराला त्यांची ओळख बरीच उशिरा पटली, हे आपल्या शहराबद्दल मला फारसं भूषणावह वाटत नाही.

त्यांचा एक फोटो मी पहिल्याच वर्गात मुलांसमोर ठेवते. विमानतळावर पंडित नेहरू उभे आहेत, बहीण विजयालक्ष्मी यांची वाट पाहत, आणि शेजारी पाटी आहे: फोटो काढण्यास सक्त मनाई. मुलं आधी हसतात. मग एखादी विचारते, ‘मग यांनी कसा पाडला?’ तिथून तासभर चर्चा सुरू राहते. मनाई कोणी केली होती, कोणासाठी होती, पाटी चौकटीत घ्यायची की कापायची हे कोणी ठरवलं? पाटी कापली असती तर तो वाट पाहणाऱ्या एका भावाचा फोटो झाला असता, चांगलाच, पण दुसरा. दोन पावलं डावीकडे सरकण्याने गोष्ट बदलते, हे कुठल्याही नियमापेक्षा या एका चित्रातून लवकर समजतं. आणि होमाईबाईंचा कॅमेरा खाली ठेवण्याचा निर्णयही मी सांगते. थांबणं हा कामाचा भाग असतो हे मुलांना आजकाल कोणी सांगत नाही.

बडोद्याने मुलांना आणि प्रौढांना डोळ्यांनी शिकवण्याचा प्रयत्न फार पूर्वी केला होता, याची नोंद इथे केली पाहिजे, कारण शहराबाहेरच्या वाचकाला ती बहुधा ठाऊक नसते. १९०६ साली सयाजीरावांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्या ग्रंथालय खात्याला दृश्य शिक्षणाची एक स्वतंत्र शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचचित्रांचे संच, दोन डोळ्यांनी पाहायची स्टिरिओ-चित्रं, चित्रपटाचं यंत्र, अशी सामग्री घेऊन ही शाखा गावोगाव फुकट खेळ करी. ज्या गावात पुस्तक वाचणारे मोजके, तिथे पडद्यावर दूरचे देश उजळत. त्या काळी चित्र वरून खाली येत असे: खात्याने निवडलेलं, गावाने पाहायचं. शंभर वर्षांनी यंत्र मुलाच्या हातात आलं आहे आणि चित्राची दिशा उलटली आहे. निवडणारं मात्र कोणीच उरलेलं नाही. ती जागा भरणं एवढंच आता शिक्षकाचं काम आहे, असं मला वाटतं. फोकस, प्रकाश, रंग यांतलं निम्मं काम फोन स्वतःच उरकतो. बटण दाबण्याच्या आगेमागे अनेक फ्रेम घेऊन, त्या जोडून, एक गुळगुळीत फोटो तो आपल्याला देतो. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे तो ठरवू शकत नाही.

निवडीचा धडा घ्यायला गरनाळ्यापलीकडे जावं लागतं. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स १९५० मध्ये सुरू झाली. पहिल्या विद्यार्थ्यांत भावनगरहून आलेले ज्योती भट्ट होते, आणि त्यांना चित्रकला शिकवणारे नारायण श्रीधर बेंद्रे. भट्ट पुढे नेपल्स आणि न्यूयॉर्कला शिकून परतले, चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणून नावाजले, तिथेच शिकवू लागले. १९६७ च्या सुमारास ते कॅमेरा घेऊन खेड्यांकडे वळले. बरोबर बहुधा राघव कनेरिया असत, मूळचे शिल्पकार आणि तितकेच जाणते फोटोग्राफर. गुजरात, राजस्थान आणि पुढे इतर प्रांतांत भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, मांडणे, गोंदण, असं सगळं या दोघांनी टिपलं. सिमेंटच्या भिंती आणि ऑइलपेंट गावात शिरले होते. काढलेलं चित्र पुढच्या सणाला तिथे असेल याची खात्री नव्हती. भट्टांच्या कितीतरी फोटोंत भिंतीवरच्या मोराशेजारी तो मोर काढणारी बाई उभी आहे. ती चौकटीबाहेर गेली असती तर नुसता नमुना उरला असता, एखाद्या कापडाच्या दुकानातल्या छापासारखा. ती आत आहे म्हणून घर दिसतं, तिचा हात दिसतो, उंची कळते, चित्र कुठवर पोचलं आणि का तिथेच थांबलं ते कळतं. २०१९ मध्ये भट्टांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोंचा मोठा संग्रह आज संगणकावर बसल्या जागी पाहता येतो. वर्गात लावण्यासाठी याहून चांगली सामग्री मला माहीत नाही, आणि ती आपल्या गावची आहे.

मुलांकडून याच धर्तीचं काम करून घ्यायचं तर खेड्यात जायची गरज नाही. अलकापुरीतल्या कोणत्याही गल्लीत उंबऱ्यावर रांगोळी असते, दारावर आसोपालवाचं तोरण असतं, उत्तरायणाला गच्चीवर मांजा धरलेले हात असतात. उत्तरायणाचा दिवस तर प्रकाश शिकवायला वर्षातला सर्वोत्तम. आभाळ झगझगीत, माणसं त्याच्यासमोर. फोनच्या पडद्यावर आभाळाला बोट लावा, माणसं काळ्या आकृत्या होतात आणि पतंगांचे रंग उठतात. चेहऱ्याला बोट लावा, चेहरा येतो आणि आभाळ पांढरं पडतं. दोन्ही एकदम मिळणार नाही, एक सोडावं लागेल. मग काय सोडायचं ते बोला. आणखी एक गोष्ट फोन सांगत नाही: त्याची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते, म्हणून जवळ जाऊन काढलेल्या चेहऱ्याचं नाक फुगतं आणि कान मागे पळतात. आजीचा चांगला फोटो हवा तर दोन-तीन पावलं मागे सरायचं. आजींना हे तंत्र कळल्यापासून वर्गाला त्यांचा पाठिंबा वाढला आहे.

आता त्या प्रयोगांविषयी, ज्यांना पुस्तकातली सर्वांत जास्त पानं मिळाली आहेत आणि मिळायलाच हवी होती. कॅमेरा हाती देण्याआधी मुलांना कॅमेऱ्यात बसवावं. खोली दुपारची निवडा, समोर उन्हातली झाडं आणि रस्ता असेल अशी. खिडक्या काळ्या चार्ट पेपरने आणि चिकटपट्टीने पूर्ण बुजवा, दाराखालची फटसुद्धा. मग एका कागदात करंगळी जाईल एवढं भोक पाडा. डोळे अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ मुलं गप्प बसत नाहीत, ते गृहीत धरा. हळूहळू समोरच्या भिंतीवर गुलमोहर उलटा उगवतो, स्कूटरी छताजवळून पळतात, आभाळ फरशीवर पडतं. पांढरा कागद भोकाजवळ आणला की चित्र लहान आणि उजळ होतं, लांब नेला की मोठं आणि फिकं. भोक अर्धं झाकलं की रेषा नेमकी येते, पण अंधारते. छिद्र, अंतर, तीक्ष्णता, उजेड यांचं नातं फळ्यावर समजवायला आठवडे लागतात, ते इथे अर्ध्या तासात मुलं स्वतःच एकमेकांना सांगू लागतात. रस्त्यावरून जाणारा माणूस त्याला काहीही न कळता आपल्या भिंतीवर चालतो आहे, हेही कोणाच्या तरी लक्षात येतं. हे कोणी बोललं की तिथे जरा थांबावं.

दुसरा प्रयोग निळ्या छापाचा, सायनोटाइपचा. जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने तो १८४२ साली शोधला, आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळांचे छाप घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. दोनच रसायनं लागतात. शंभर मिलिलिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या शंभरात दहा ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. ही दोन्ही द्रावणं सारख्या प्रमाणात मिसळून, मंद बल्बच्या उजेडात, जाड कागदावर ब्रशने लावायची आणि अंधारात वाळवायची. हातमोजे हवेत, मोठं माणूस शेजारी हवं, आणि कोणतंही अ‍ॅसिड या रसायनांच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. वाळलेल्या कागदावर कडुलिंबाची डहाळी, मोरपीस, जुनी जाळीची लेस, काहीही ठेवा, वर काच दाबा आणि उन्हात न्या. बडोद्याच्या एप्रिल-मे मधल्या उन्हाला एरवी आपण शिव्या देतो. या कामात मात्र ते काही मिनिटांतच आपला वाटा उचलतं. नंतर साध्या पाण्यात, पिवळेपणा निघून जाईपर्यंत धुवायचं. गर्द निळ्यावर पांढरी डहाळी राहते. जिची ही सावली, ती डहाळी खरोखर त्या कागदावर टेकली होती, हे मुलाने पाहिलेलं असतं. फोटो म्हणजे कोणीतरी किंवा काहीतरी तिथे होतं याचा ठसा, हे समजायला याहून सोपी वाट नाही. पावसाळ्यात हा पाठ घेऊ नका. घेतलाच तर कागद दिवसभर गच्चीत ठेवावा लागेल, आणि गच्चीवरचा पाऊस कोणाचं ऐकत नाही.

मुलांच्या हाती कॅमेरा देण्याचे प्रयोग जगभर झाले आहेत आणि त्यांतला एक आपल्या गुजरातेत झाला. वेंडी एवाल्ड ही अमेरिकन छायाचित्रकार सत्तरच्या दशकात केंटकीच्या डोंगरी भागातल्या शाळेत मुलांना फोटोग्राफी शिकवत होती. तिने दिलेले विषय साधे होते: स्वतः, घरची माणसं, जनावरं, आणि स्वप्नं. स्वप्नांचा फोटो कसा काढणार, हा प्रश्न मुलांनीच सोडवला, एकमेकांकडून नाटक करून घेऊन. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती सौराष्ट्रातल्या विंछिया गावात आली आणि तिथल्या मुलांबरोबर हेच केलं. त्यावर १९९६ साली पुस्तक निघालं. फोटो मुलांचे आणि त्यांच्याविषयीचं बोलणंही मुलांचंच, हे त्या कामाचं बळ. अहमदाबादेत त्याआधीच, १९८४ मध्ये, ‘सेवा’ संस्थेतल्या कष्टकरी बायकांना मार्था स्टुअर्ट यांनी व्हिडिओ कॅमेरा शिकवला होता. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कॅमेऱ्यासाठी ते आड आलं नाही. ‘व्हिडिओ सेवा’ पुढे वर्षानुवर्षं चालली. मराठी वाचकाला जवळचं नाव म्हणजे सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं त्यांनी कॅमेऱ्याने समोर आणलं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्टच्या माध्यमातून ते परिस्थितीने मागे राहिलेल्या मुलांना कॅमेरा शिकवत आले आहेत.

आणि सोनागाछी, कोलकात्यातली वेश्यावस्ती. झाना ब्रिस्कीने तिथल्या मुलांना कॅमेरे दिले, रॉस कॉफमनबरोबर त्यांच्यावर चित्रपट केला, २००५ साली त्याला ऑस्कर मिळालं. मुलांचे फोटो विलक्षण आहेत, यात वाद नाही. वाद उठला तो मुलांच्या आयांवरून. चित्रपटात त्या कशा दिसल्या, त्यांना विचारलं होतं का, मुलांना ‘वाचवण्याच्या’ गोष्टीत त्यांची जागा काय, हे प्रश्न तिथल्याच स्त्रियांच्या संघटनेने विचारले. मला त्या प्रश्नांची बाजू अधिक भक्कम वाटते. चांगल्या हेतूने वर्ग काढणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट पाहावा आणि त्यावरचे आक्षेपही वाचावेत. आपल्या वर्गातल्या ‘गरीब मुलांची प्रतिभा’ देणगीदारांपुढे मांडण्याचा मोह कार्यक्रमाच्या दुसऱ्या वर्षी हमखास होतो. माहितीपत्रकावर कोणाचा चेहरा जातो आणि कोणाचा जात नाही, हे जरा मोजून पाहा.

संमतीचं प्रकरण म्हणूनच पुस्तकात पहिलं आहे. त्यात कायद्याचा भाग थोडा आहे. संस्था म्हणून मुलांचे फोटो, नावं, पत्ते संगणकावर जमवायचे तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पाहावा, त्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कागद तयार करा, सोप्या भाषेत, मराठी, गुजराती आणि हिंदीत. पण सही झाली म्हणजे झालं, असं मुलांना वाटू देऊ नका. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर लांब लेन्स लावून बसलेले हौशी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. सार्वजनिक जागा आहे, कायद्याने कोणी अडवत नाही. वर्गातल्या मुलींना विचारा, तुमचा असा फोटो तुम्ही न पाहिलेल्या माणसाच्या फोनमध्ये असला तर कसं वाटेल. मग मुलांना विचारा. ही चर्चा मिश्र वर्गात अवघड जाते. तरी ती मिश्र वर्गातच व्हावी.

निवडीचा तास आठवड्यातला सर्वांत कंटाळवाणा ठरू शकतो, म्हणून त्याचीही युक्ती द्यावी लागली. बारा फोटोंचे छोटे प्रिंट जमिनीवर मांडा. काढणाऱ्याने बोलायचं नाही. बाकीच्यांनी तीन उचलायचे आणि का ते सांगायचं. मग काढणाऱ्याने स्वतःचे तीन दाखवायचे. जवळजवळ नेहमीच ते वेगळे निघतात, आणि मग बोलणं खऱ्या अर्थाने सुरू होतं. शेवटी निवडलेल्या फोटोखाली दोन ओळी लिहायच्या, कोणत्याही भाषेत. बडोद्याची मुलं एकाच वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी मिसळतात, आणि शिक्षकाने त्यात हात घालू नये. व्याकरणाचा तास शाळेत होतोच.

या सगळ्याच्या शेवटी येणारा पाठ मात्र कोणी टाळू नये, अशी माझी विनंती आहे: छापलेला फोटो ज्याचा आहे त्याला नेऊन द्यायचा. कॅमेरा घेऊन पहिल्यांदा जाणं सोपं असतं, उत्साह असतो. प्रिंट घेऊन दुसऱ्यांदा जाताना मुलांचे पाय जड होतात. शेवउसळीच्या गाडीवाल्याला फोटो द्यायला गेलेल्या जोडीला त्याने सरळ सांगितलं, ‘ह्यात माझा बोर्ड कुठे आहे? गॅसची बाटली आली, बोर्ड नाही आला. या बाजूने परत काढा.’ मुलं थोडी हिरमुसून आली. वर्गात तो फोटो सगळ्यांना आवडला होता, वाफ छान आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोर्डासह काढला, आणि वर्गाने त्या नव्या फोटोत वाफ नाही म्हणून नापसंती दाखवली. कोणाचं बरोबर, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पुस्तकात दोन्ही फोटो समोरासमोर छापले असते, पण गाडीवाल्याने पहिल्याला परवानगी दिली नाही, म्हणून दुसराच आहे.

प्रदर्शनांविषयी थोडक्यात. आर्ट गॅलरीच मिळाली पाहिजे असा हट्ट नको. सोसायटीच्या जिन्यात, वाचनालयाच्या भिंतीवर, दुकानाच्या शटरवर दुपारच्या सुटीत, दोरीला चिमटे लावून फोटो टांगता येतात. ज्यांचे फोटो आहेत ती माणसं जिथे सहज येतील ती जागा धरावी. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांची भाषणं आटोपशीर ठेवा. मुलांना आपापल्या फोटोपाशी उभं राहून बोलायचं असतं.

उरला पैसा. जुने डिजिटल कॅमेरे आणि वापरात नसलेले फोन मागितले की मिळतात, बहुतेक घरांच्या कपाटांत ते पडून असतात. रसायनांचा खर्च एका हंगामाला फार नसतो. अंदाजपत्रक करताना मात्र लोक कॅमेऱ्यांची यादी आधी लिहितात आणि छपाईला काही उरत नाही. उलटं करा. वर्गात मुलं किती, फेऱ्या किती, प्रत्येक फेरीला भेटलेल्या माणसांना द्यायचे प्रिंट किती, हे आधी धरा, त्यात निवडीच्या तासाचे छोटे प्रिंट मिळवा, जवळच्या स्टुडिओशी एकदम छापण्याचा दर ठरवा. जी रक्कम येईल ती पहिल्या ओळीत लिहा. मग उरलेल्या पैशांत जमतील तेवढे कॅमेरे.